गळती थेंबाची, नुकसान इंजिनाचे

सकाळी गाडी काढली की अंगणात तिच्या जागी एक काळा डाग उरतो. घरातलं कुणीतरी त्यावर मूठभर माती टाकतं आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, पुन्हा माती. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "जुनी गाडी हाय, थोडी गळणारच." गावोगाव हे उत्तर ऐकायला मिळते. शेतकरी देतात, दूधवाले देतात आणि दौऱ्यावर फिरणारे आम्ही कर्मचारीही देतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक या पदांची नावे गेल्या काही वर्षांत बदलली, पण बुडाखालची गाडी बहुतेकांची तीच जुनी राहिली.

या टिपणात सांगायचे आहे ते एवढेच की गाडी जुनी आहे म्हणून गळत नाही. गळते ती एका ठराविक जागेतून आणि ठराविक कारणाने. ती जागा आणि ते कारण सापडले तर दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ असते. न शोधता केलेली दुरुस्ती मात्र कायम महाग पडते.

शेतकऱ्याला हे पटवायला लांबचे उदाहरण नको. कपाशीचं पान लाल पडलं की त्याला आपण 'लाल्या' म्हणतो. पण पान लाल होण्याची कारणे वेगवेगळी आहेत. कुठे मॅग्नेशियम कमी पडलेले असते, कुठे तुडतुडे रस शोषत असतात, कुठे पाणी साचून मुळांचा श्वास कोंडलेला असतो, तर कुठे रात्रीची थंडी वाढलेली असते. कारण न बघता दुकानदाराने हातात दिलेली बाटली फवारली तर पैसा जातो आणि पान लालच राहते. गाडीच्या गळतीचं अगदी तसंच आहे. आधी रोग ओळखा, मग औषध द्या.

थेंबाचा हिशेब

आपल्या भागातील जुन्या गाड्यांत हिरो होंडाची संख्या मोठी आहे. सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली आली. २०११ नंतर कंपनीच्या नावातून 'होंडा' गेले, पण त्याआधीच्या कित्येक गाड्या अजून बांधावर उभ्या दिसतात. "भरा, बंद करा, विसरा" अशा अर्थाची सीडी १०० ची इंग्रजी जाहिरात त्या काळी गाजली होती. ती पेट्रोलबद्दल होती. आपल्या लोकांनी त्यातला 'विसरा' हा शब्द इंजिनच्या तेलालाही लावून टाकला, हे आपले दुर्दैव.

या १०० सीसीच्या इंजिनात तेल असते एक लिटरच्या आतबाहेर. बदलीचा डबा मिळतो तोच ९०० मिलिलिटरचा. आता हिशेब करा. रोज चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल गळाले, तर दोन महिन्यांत ३०० मिलिलिटर गेले. म्हणजे तिसरा हिस्सा संपला. शिवाय जुने इंजिन थोडेफार तेल जाळते ते वेगळेच. उरलेल्या कमी तेलावर तेवढेच काम पडते. ते जास्त तापते आणि लवकर काळे होते. इंजिनच्या डोक्यावरच्या कॅम आणि रॉकरला तेल खालून पंपाने चढवावे लागते. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार हवा ओढते, तशी गत होते. वरचे भाग आधी झिजतात, टॅपेटचा आवाज वाढतो आणि एक दिवस भर हंगामात, खताची गोणी मागे बांधलेली असताना, गाडी रस्त्यात जाम होते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. डाव्या बाजूला चेनच्या पुढच्या चक्राजवळून तेल येत असेल तर ते चेनबरोबर मागे जाते आणि चाकावर उडते. टायरवर तेल आले आणि वळणावर गाडी कलली की सावरायला वेळ मिळत नाही. मागे दुधाच्या किटल्या असोत की पोरगं बसलेलं असो, थेंब बारीक असला तरी हा प्रश्न जिवाचा आहे.

आधी तेल कोणतं ते बघा

गाडीखाली ओल दिसली म्हणजे इंजिनचेच तेल असे समजू नका. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. सकाळी थेंब कुठे पडलाय, पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे, ते खुणा करून ठेवा. मग बोटावर घेऊन बघा. पेट्रोल असेल तर वास येतो आणि लगेच उडून जाते. असली गळती असेल तर बाकी सगळं सोडून आधी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि जवळ विडीकाडी आणू नका. पुढच्या चाकाजवळ, शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचे कडे दिसत असेल तर ते शॉकअपचे तेल, त्याचे सील वेगळे. चेनला भरमसाट वंगण घातले असेल तर तेही डाव्या बाजूला उडते, पण ते जाडसर आणि मातीत मळलेले असते. बोटांत चोळल्यावर घसरते आणि काळे किंवा तांबूस दिसते ते इंजिनचे तेल.

त्यानंतर तेलाची पातळी बघा. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करा आणि आणखी दोन-तीन मिनिटे थांबा. मग तेल मोजायची काडी काढून पुसा, पुन्हा आत घाला. या हिरो होंडाच्या गाड्यांत काडी आट्यात फिरवायची नसते, नुसती टेकवायची असते. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी चालवू नका, आधी तेल भरा. वरच्या खुणेच्या वर असेल तरीही ते चांगले नाही. "जरा जास्तच घाल, गळतंय ना" म्हणून जादा तेल ओतणारे बरेच आहेत. जादा तेलाने आतला दाब वाढतो आणि गळती उलट वाढते.

धुवा, पावडर मारा, वाट बघा

वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर बसलेल्या इंजिनवर गळतीची जागा कुणालाच दिसणार नाही, अनुभवी मेस्त्रीलाही नाही. म्हणून पहिले काम धुण्याचे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कार्बोरेटरवर आणि सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधा. रॉकेल किंवा डिझेल घेऊन ब्रशने घासा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि उन्हात वाळवा. पेट्रोलने इंजिन धुण्याची खोड सोडा, एका ठिणगीत भडका होतो. धुतलेले पाणी विहिरीकडे, गोठ्याकडे किंवा नाल्यात जाऊ देऊ नका.

वाळलेल्या इंजिनवर तोंडाला लावायची साधी टाल्कम पावडर फडक्यातून झटकून मारा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ लगेच काळी उमटते. बांधलेल्या पिशव्या सोडा आणि गाडी जागेवर दहा मिनिटे चालू ठेवून बघा. काही दिसले नाही तर चार-पाच किलोमीटर चालवून आणा आणि पुन्हा बघा. काही गळत्या इंजिन तापल्यावरच दिसतात.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून थेंब जिथून पडतो ती गळतीची जागा असेलच असे नाही. ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा. चोर तिथे सापडेल. खाली ड्रेन बोल्टवर थेंब दिसतो म्हणून लोक तो बोल्ट आवळत बसतात आणि तेल मात्र वरच्या टॅपेटच्या झाकणातून ओघळत आलेले असते.

दाबाचे दुखणे

एखादे सील बदलावे आणि महिन्याभरात दुसरीकडून गळावे, ते बंद करावे तर तिसरीकडून यावे, असे होत असेल तर दोष सीलांचा नाही, आतल्या दाबाचा आहे. पिस्टन वर-खाली होताना इंजिनच्या पोटात दाब तयार होतो. तो बाहेर जायला एक रबरी नळी दिलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ही नळी मातीने भरते, कुठे दुमडते, तर कधी कुंभारीण माशी तोंडाशी चिखलाचं घर बांधते. मग दाब वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. नळी काढून फुंकून बघा. हवा मोकळी गेली पाहिजे. हे काम फुकटात होते आणि म्हणूनच कुणी करत नाही.

नळी मोकळी आहे, पण तिच्यातून धुराचे लोट येतात, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि चढाला ताकद कमी पडते, अशी सगळी लक्षणे एकत्र असतील तर रिंग-पिस्टन झिजलेले आहेत. तिथे सील बदलून भागणार नाही, इंजिनचे काम करावेच लागेल. पण ही लक्षणे नसताना कुणी थेट इंजिन खोलायला सांगत असेल तर थांबा आणि दुसऱ्याला दाखवा.

वरून खाली पाहणी

हेडवर टॅपेटची दोन गोल झाकणे असतात. त्यात रबरी रिंग असते. उष्णतेने ती कडक होऊन चपटी पडते आणि तेल पाझरते. रिंग स्वस्त आहे, बदलायला पाच-दहा मिनिटे लागतात. त्याखाली ब्लॉक जिथे इंजिनच्या पोटावर बसतो तिथले पॅकिंग. तिथून येत असेल तर हेड आणि ब्लॉक काढावा लागतो, ते काम जाणत्याकडेच द्या.

उजवीकडे क्लचचे मोठे कव्हर असते. त्याचे कागदी पॅकिंग आणि किकच्या दांड्याचे ऑइल सील या गळतीच्या नेहमीच्या जागा. डावीकडे गिअरच्या दांड्याचे सील आणि चेनच्या पुढच्या चक्रामागचे सील. हे शेवटचे सील माती आणि चेनच्या कचऱ्यात कायम बुडालेले असते. चेन फार ताणून ठेवली तर आतले बेअरिंग झिजते, दांडा हलू लागतो आणि सील कितीही नवे घातले तरी टिकत नाही. म्हणून सील बदलताना दांडा हाताने हलवून बघायला सांगा. मॅग्नेटच्या कव्हरमधून तेल येत असेल तर कव्हर उघडून आतली सीले तपासावी लागतात.

सगळ्यात खाली ड्रेन बोल्ट. त्याखालची वायसर मऊ धातूची असते, ती एकदा दबली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. तेल बदलताना नवी वायसर घाला. लांब पाना लावून, पाय देऊन बोल्ट आवळू नका. बोल्ट लोखंडाचा आहे, इंजिनचे पोट ॲल्युमिनियमचे आहे. आटे गेले तर मग लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे पाडून घ्यावे लागतात. त्यावर एम-सील लिंपणे म्हणजे फुटक्या बांधावर गवत टाकण्यासारखे आहे. तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाही, आणि पुढच्या वेळी तेल बदलायला बोल्टही निघत नाही.

एका शेतकऱ्याच्या गाडीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. गाडी १८ वर्षांची. रोज थेंब पडायचा. रब्बीच्या तोंडावर एका गॅरेजवाल्याने "ब्लॉक गेलाय" म्हणून रिंग, पिस्टन, पॅकिंग सगळे बदलले. हरभऱ्याच्या बियाण्याचे पैसे त्यात गेले. आठ दिवसांत डाग पुन्हा अंगणात. मग इंजिन धुतले, पावडर मारली, तर डाव्या बाजूचे पुढच्या चक्रामागचे सील फाटलेले निघाले. बिलात त्याची किंमत औषधाच्या एका पुडीएवढी. गॅरेजवाल्याने फसवले असे म्हणता येणार नाही. त्यानेही अंदाजच केला होता. पण अंदाजाचे पैसे शेतकऱ्याने भरले.

दुरुस्ती करताना

टॅपेटची रिंग, ब्रीदरची सफाई, ड्रेनची वायसर ही कामे घरी होण्यासारखी आहेत. बाहेरून बसणारी सीले हाताला सवय असेल तर घरी बसतात, पण काही पथ्ये पाळावी लागतात. जुने सील कोणत्या बाजूने बसले आहे ते आधी बघा. सीलची ओठाची, स्प्रिंगची बाजू तेलाकडे असते. दांड्यावर धारदार कंगोरे असतील तर त्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर नवे सील घालतानाच फाटते. ओठाला थोडे तेल लावा. सीलच्या मापाचा सॉकेट किंवा पाइपाचा तुकडा ठेवून सगळीकडून सारखे दाबा. एका कडेला हातोडी मारली की ते वाकडे बसलेच म्हणून समजा.

कव्हरचे पॅकिंग बदलताना जुना कागद पेचकसाने खरवडू नका. ॲल्युमिनियमवर चर पडली की तीच पुढची गळती. ब्लेडने हलक्या हाताने काढा. पॅकिंगवर चिकटपट्टीचा रस जाड थापू नका. बाहेर येतो तेवढाच तो आतही जातो आणि तेलाच्या बारीक वाटा तुंबवतो. बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे करून आवळा. आणि क्लचचे कव्हर उघडलेच आहे तर आतली तेलाची जाळी आणि गोल फिरणारा फिल्टर साफ करून घ्या. या १०० सीसीच्या गाड्यांत कागदी फिल्टर नसतो, सगळा गाळ तिथेच साठतो. तिथले काजळ बघितले की तेल वेळेवर का बदलायचे ते कुणी सांगावे लागत नाही.

गळती कमी व्हावी म्हणून ट्रॅक्टरचे किंवा गिअरबॉक्सचे जाड तेल घालण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. या गाड्यांत क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. पुस्तिकेत सांगितलेले मोटारसायकलचेच तेल घाला.

गॅरेजला गाडी देताना "गळती काढ" एवढेच सांगू नका. "धुऊन, जागा दाखवून मग खोल. बदललेला जुना पार्ट मला परत दे. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिही," असे सांगा. चांगला मेस्त्री याला नाही म्हणत नाही.

दुसऱ्या गाड्यांचे थोडे वेगळे आहे. राजदूत, यामाहा आरएक्स १०० या दोन-स्ट्रोक गाड्यांत गिअरचे तेल वेगळे असते. क्लचकडचे क्रँकचे सील गेले की ते तेल बाहेर न गळता आत ओढले जाऊन जळते. धूर वाढतो, पण खाली डाग नाही, अशी ही छुपी गळती. जुन्या बुलेटला बरेच दिवस उभी ठेवली की टाकीतले तेल खाली क्रँकमध्ये उतरते आणि चालू करताच ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते. ती सील फुटल्याची खूण नव्हे. "बुलेट म्हणजे गळणारच" हेही तपासल्याशिवाय मान्य करू नका.

काळ्या तेलाचे काय?

हा प्रश्न गावकारभाऱ्यांसाठी आहे. दुरुस्तीत निघालेले काळे तेल गॅरेजमागच्या खड्ड्यात ओतले जाते. कुणी ते नाल्यात टाकतो, कुणी जनावराच्या गोचिडांवर किंवा जखमेवर चोपडतो. जळालेल्या तेलात धातूंचे कण आणि विषारी घटक असतात. जनावर अंग चाटते, ते पोटात जाते. गोचिडाला औषध पशुवैद्यकाकडून घ्या, गॅरेजमधून नको.

वापरलेले तेल हा कायद्याने घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांत त्याची नोंद आहे. २०२३ साली केलेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारीही टाकली आहे. नियम चांगला आहे, पण तो गावच्या गॅरेजपर्यंत चालत येणार नाही. तो आणावा लागेल. ग्रामपंचायतीने प्रत्येक गॅरेजमागे झाकणाचा एक डबा ठेवायला सांगावे आणि भरलेले डबे तालुक्याच्या ठिकाणी अधिकृत संकलन करणाऱ्याकडे जातील अशी व्यवस्था लावावी. हा विषय ग्रामसभेपुढे ठेवायला पाच मिनिटे पुरतात. त्याच सभेत आणखी एक ठराव करता येईल. जवळच्या आयटीआयमधील मोटार दुरुस्ती शिकणारी मुले आणि त्यांचे शिक्षक यांना वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, गावात बोलवावे. गाड्या धुवाव्यात, पावडर मारावी, गळतीच्या जागा लिहून द्याव्यात. मुलांचा हात बसेल आणि लोकांचा पैसा वाचेल.

माती परीक्षण करा, मग खत द्या, असे आम्ही गावोगाव सांगत फिरतो. तीच शिस्त गाडीलाही लावायची आहे. येत्या रविवारी एक पुठ्ठा, थोडे रॉकेल, एक ब्रश आणि पावडरचा डबा एवढे जमवा. डागावर माती टाकायचे बंद करा आणि तो कुठून पडतो ते बघा.